बॅश सीपीयू खातोय: आधी किल मारायचं की आधी बघायचं?

सह्यवारा (धागाकर्ता):
गेल्या आठवड्यात सर्व्हरवर 'टॉप' (कोणता प्रोग्राम किती सीपीयू खातोय ते दाखवणारी आज्ञा) उघडलं तर एक बॅश, म्हणजे लिनक्सच्या स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, 99 टक्क्यांवर. सहकाऱ्याने लगेच 'किल -9' मारला, म्हणजे तो जबरदस्तीने बंद केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी मी त्याला थांबवलं आणि 'एसट्रेस' लावला, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे काय काय मागतोय ते बघितलं. पडद्यावर एकच गोष्ट धो धो वाहत होती: रीड, एरर, रीड, एरर. मेनू दाखवणारी स्क्रिप्ट, 'व्हाइल ट्रू'च्या (कायम चालणाऱ्या लूपच्या) पोटात 'रीड' (वापरणाऱ्याचं उत्तर वाचणारी आज्ञा). वापरणाऱ्याने लॅपटॉप मिटला, एसएसएच (सर्व्हरशी दूरवरून जोडणी) तुटलं, पण स्क्रिप्टमध्ये कुणीतरी हँगअप सिग्नलकडे (टर्मिनल तुटल्याची सूचना) दुर्लक्ष करायला सांगून ठेवलेलं. टर्मिनलच नाही म्हटल्यावर 'रीड' क्षणभरही न थांबता हात हलवत परत येणार आणि लूप गरगरत राहणार. 'रीड'पुढे '|| एक्झिट' (वाचता आलं नाही तर बाहेर पड) लिहिलं, त्यानंतर त्रास नाही. न बघता किल मारणं म्हणजे पुरावा पुसणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रातपाळी:
अजिबात पटलं नाही. रात्री दोन वाजता साइट रडतेय आणि मी एसट्रेस वाचत बसू? त्यानेच प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) आणखी मंदावते. आधी सेवा सुरळीत, शोध सकाळी. मात्र थेट 9 मारण्याच्या मी विरोधात आहे. तो सिग्नल 'ट्रॅप'ने (सिग्नल आल्यावर काय करायचं ते स्क्रिप्टला सांगणारी आज्ञा) पकडता येत नाही, त्यामुळे साफसफाई होत नाही, लॉक फाइल ('काम चालू आहे' अशी खूण) तशीच पडून राहते आणि पुढची क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) फेरी अडते. साधा 'किल', म्हणजे 15 नंबरचा 'बंद हो' सांगणारा सिग्नल, आधी द्या.

सह्यवारा:
मग 'किल -स्टॉप' का नाही? प्रोसेस गोठते, सीपीयू शून्यावर येतो आणि '/प्रॉक'मध्ये (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारा फोल्डर) तिची डिरेक्टरी, उघड्या फाइली, सगळं जागेवर असतं. दोन मिनिटांचं काम आहे.

रातपाळी:
गोठलेल्या प्रोसेसने लॉक धरलेला असेल तर मागे रांग लागते. हे मी भोगलंय.

ऑकवेडी:
तुम्ही दोघंही एकच प्रोसेस धरून बोलताय. आमच्याकडे 'टॉप'मध्ये दोषी कुणीच दिसत नव्हता, तरी सिस्टिम वेळेचा (कर्नलच्या कामात जाणारा सीपीयू) आकडा चढलेला. लॉगच्या 2 लाख ओळी आणि प्रत्येक ओळीला एक 'ग्रेप' (मजकूर शोधणारी आज्ञा), एक 'कट' (ओळीचा भाग कापणारी आज्ञा): म्हणजे किमान 4 लाख प्रोसेस, जन्मल्या की मेल्या. मारणार कुणाला? तिथे 'पीएसट्री' (कोणती प्रोसेस कुणी सुरू केली ते झाडासारखं दाखवणारी आज्ञा) चार-पाच वेळा चालवून त्यांना जन्म देणारे आईबाप शोधावे लागतात. मी तो लूप काढून एका 'ऑक'मध्ये (सगळ्या ओळी एकाच प्रोसेसमध्ये तपासणारी आज्ञा) बसवला. आणि हो, 'टॉप'मधले 100 टक्के म्हणजे सीपीयूचा एक कोर (एक गणनाघटक). आठ कोरांच्या मशीनवर एका बॅशसाठी इतकी घाई लागतेच असं नाही.

रातपाळी:
ऑकवेडी, तुमचा मुद्दा मान्य. पण आमची मशीन दोन कोरांची आहे. तिथे एक कोर गेला की अर्धं दुकान बंद. स्टॉपचं म्हणाल तर लॉक नसलेल्या स्क्रिप्टवर करून बघेन, डेटाबेसला हात लावणाऱ्या स्क्रिप्टवर मुळीच नाही.