मेटाफिजिक्स : अतिभौतिकी, सत्ताशास्त्र की अध्यात्म?

प्रश्न
ॲरिस्टॉटलवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'मेटाफिजिक्स'साठी मी 'अतिभौतिकी' लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे 'अध्यात्म' करून पाठवलंय. मला दोन्ही खटकतात. शिवाय ॲरिस्टॉटल हा विषय निसर्गविज्ञानापासून नेमका कुठे वेगळा काढतो?

प्रतिसाद
'अतिभौतिकी'च ठेवा की. मेटा म्हणजे पलीकडचं. दिसतं ते फिजिक्स, दिसत नाही ते मेटाफिजिक्स.

प्रतिसाद
इथे 'मेटा' म्हणजे नुसतं 'नंतरचं'. 'ता मेता ता फ्यूसिका', निसर्गाविषयीच्या ग्रंथांनंतरचे ग्रंथ. हे नाव ॲरिस्टॉटलने दिलेलं नाही. इ.स.पू. पहिल्या शतकात रोड्सच्या अँड्रॉनिकसने त्याचं लेखन लावलं, त्या क्रमावरून ते पडलं असं परंपरेने मानतात. त्यातले १४ भाग सलग एक पुस्तक म्हणून लिहिलेलेही नाहीत. तो स्वतः या विषयाला 'पहिलं तत्त्वज्ञान' म्हणतो.

दिसण्या-न दिसण्याचा तर संबंधच नाही. निसर्गातल्या वस्तूची खूण तो त्याच्या 'फिजिक्स' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सांगतो : हलण्याचं आणि थांबण्याचं कारण तिच्या आतच असतं. तिथे अँटिफॉन या ग्रीक विचारवंताची खाट येते. खाट जमिनीत पुरली आणि कुजता कुजता तिला कोंब फुटलाच, तर वर लाकूड येईल, खाट येणार नाही. खाटपण सुताराचं, फुटण्याची ताकद लाकडाची. बदलणाऱ्या, वाढणाऱ्या, आतून हलणाऱ्या गोष्टींचा अभ्यास ते निसर्गशास्त्र. पहिलं तत्त्वज्ञान त्याच झाडापाशी येऊन वेगळंच विचारतं : हे झाड 'आहे' म्हणतो तेव्हा काय म्हणतो? ते कसं वाढतं हा त्याचा प्रश्नच नव्हे.

नाकाचं उदाहरणही त्याचं लाडकं. खोलगटपणा नाकाशिवाय समजावता येतो, ते गणिताचं काम. बसकेपणा मात्र नाक धरूनच सांगावा लागतो. निसर्गशास्त्राच्या व्याख्या या दुसऱ्या जातीच्या, हाडामांसासकट.

प्रतिसाद
पण शेवटी तो स्वतः न हलता सगळ्याला हलवणाऱ्या देवापाशीच पोचतो ना? मग संपादकांचं 'अध्यात्म' काय चुकलं?

प्रतिसाद
दोन अडचणी आहेत. त्या अचल चालकापर्यंत तो 'फिजिक्स'च्या आठव्या भागातही पोचतो, तेही गतीचाच धागा धरून. म्हणजे देव आला की मेटाफिजिक्स सुरू, असं गणित बसत नाही. दुसरं, 'अध्यात्म' म्हटलं की मराठी वाचक आत्म्याकडे जातो, आणि आत्म्याचा अभ्यास ॲरिस्टॉटल बहुतांशी निसर्गशास्त्रज्ञाकडेच सोपवतो! राग हा शरीरासकटच समजून घ्यायचा, असं त्याचं म्हणणं. मला तर 'अध्यात्म' सरळ दिशाभूल करणारं वाटतं.

'मेटाफिजिक्स'च्या सहाव्या भागातलं एक वाक्य लेखात जरूर घ्या. निसर्गाने घडलेल्या वस्तूंखेरीज दुसरं काही नसतंच, तर निसर्गशास्त्र हेच पहिलं शास्त्र ठरलं असतं, अशी कबुली तो तिथे देऊन टाकतो.

प्रतिसाद
+१. कामाची पद्धत बघितली तरी फरक कळतो. कोंबडीची अंडी टप्प्याटप्प्याने फोडून पिल्लू कसं घडतं याची नोंद त्याने ठेवली आहे. साधारण तीन दिवसांनी पांढऱ्यात रक्ताचा ठिपका दिसतो, तो जिवंत असल्यासारखा उडत असतो, ते हृदय. आता 'मेटाफिजिक्स'चा चौथा भाग काढा. एकच गोष्ट एकाच वेळी, एकाच अर्थाने असू आणि नसू शकत नाही, हा मुद्दा. यासाठी कुठलं अंडं फोडणार? तो म्हणतो, याला पुरावा मागणं हेच अडाणीपणाचं. नाकारणाऱ्याला नुसतं काहीतरी अर्थाचं बोलायला लावा. बोललाच नाही, तर तो झाडपाल्यासारखा. वर विचारतो, हा माणूस मेगारा या ग्रीक शहराला जायचं म्हणून चालतच का जातो, आणि वाटेत विहीर आली तर सरळ आत का जात नाही?

प्रतिसाद
मग मी तरी 'सत्ताशास्त्र' घेईन. 'सत्ता' म्हणजे राजकारण वाटेल ही भीती खरी, पहिल्या वेळी 'असण्याचं शास्त्र' असा खुलासा करा. गंमत म्हणजे आपला 'सत्' आणि ग्रीक 'ऑन' (असणारं) एकाच मूळ धातूचे, आणि 'फ्यूसिस'चं (निसर्ग) नातं संस्कृत 'भू'शी, म्हणजे 'भौतिक'शीही. पण त्याच्या 'फिजिक्स'ला 'भौतिकशास्त्र' करू नका, झाडं-प्राणी बाहेर पडतील. 'निसर्गशास्त्र' बरं.

प्रश्नकर्ती
ठरलं, 'सत्ताशास्त्र' आणि 'निसर्गशास्त्र'. संपादकांना खाट आणि विहीर दोन्ही पाठवते. आता 'उसिया'ला, म्हणजे इंग्रजीतल्या 'सबस्टन्स'ला, 'द्रव्य' चालेल?

प्रतिसाद
चालेल, पण जपून. वैशेषिक या भारतीय दर्शनाच्या ९ द्रव्यांत काळ आणि दिशाही येतात. ॲरिस्टॉटल काळ आणि स्थळ उसियाबाहेर, वेगळ्या पदार्थांत (म्हणजे कॅटेगरींत) टाकतो. यासाठी नवा धागा काढा, इथे गर्दी होईल.