ईमेलच्या नोटिफिकेशनवर ताबा ठेवणारं ॲप: प्ले स्टोअरवर टाकण्याआधी काय तपासावं?

मूकघंटा

मंडळी, अँड्रॉइडसाठी एक ॲप जवळपास तयार आहे. काम एवढंच, की जीमेलची ठरावीक लोकांची नोटिफिकेशन्स लगेच वाजावीत आणि बाकीची गप्प राहून दुपारी १ आणि संध्याकाळी ६ ला एका गठ्ठ्यात दिसावीत. सगळं नोटिफिकेशन लिसनर सर्व्हिसवर (इतर ॲप्सची नोटिफिकेशन्स वाचू देणारी अँड्रॉइडची सोय) आहे, सर्व्हर नाही. किमान एपीआय २६ (अँड्रॉइड ८), टार्गेट ३५ (अँड्रॉइड १५).

अडलंय ते असं:
१) नको असलेलं नोटिफिकेशन आम्ही काढून टाकतो, तरी फोन 'टिंग' करतोच.
२) ज्यांना व्हॉट्सॲपवरून एपीके (ॲप टाकायची फाइल) पाठवली, त्यांतल्या काहींना नोटिफिकेशन ॲक्सेसचं बटण करडं दिसतं, दाबलं जात नाही.
३) शाओमी आणि विवोवर दोन-चार तासांनी नियम लागूच होत नाहीत.

प्ले कन्सोलचं (प्ले स्टोअरवर ॲप टाकण्याचं) खातं नवीन आणि वैयक्तिक आहे. आयफोनसाठी जीमेल एपीआय (जीमेलमधले मेल दुसऱ्या ॲपला वाचू देणारी गूगलची सोय) घेऊन एकदमच दोन्हीकडे उतरावं का, हाही प्रश्न आहे.

---

सह्यकोड

पहिल्या प्रश्नात डोकं घालून कोड बदलत बसू नका, तो कोडने सुटत नाही. लिसनरला कळतं ते नोटिफिकेशन पोस्ट झाल्यावर. तुम्ही ते काढून टाकेपर्यंत आवाज सुरू झालेला असतो. वेगवान फोनवर अर्धाच 'टिंग' ऐकू येतो, तो तर जास्त त्रासदायक.

उपाय उलटा आहे: जीमेलला कायमचं गप्प करा आणि वाजवायचं काम तुमच्या ॲपकडे घ्या. जीमेलच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये मेलचं चॅनेल (एका प्रकारच्या नोटिफिकेशन्सचा गट, त्याचा आवाज वेगळा ठरवता येतो) 'सायलेंट' करायला सांगा. ते पान तुमच्या ॲपमधून थेट उघडता येतं, फक्त इंटेंटमध्ये (पान उघडण्याच्या विनंतीत) पॅकेज जीमेलचं द्या. दोन खाती असतील तर दोनदा करावं लागेल, चॅनेल खात्यानुसार वेगळं असतं. इथे एक सूचना ठळक लिहाच: 'सायलेंट' करा, 'बंद' नको. बंद केलं की नोटिफिकेशन तयारच होत नाही आणि लिसनरला काहीच मिळत नाही. लोक हमखास बंद करतात आणि मग एक तारा देतात.

या पद्धतीचे तीन काटे आहेत.

अँड्रॉइड १३ पासून स्वतःचं नोटिफिकेशन दाखवायलाही परवानगी लागते. वापरणाऱ्याने लिसनरला हो म्हटलं आणि या दुसऱ्या परवानगीला नाही, तर जीमेलही मुकं आणि तुमचं ॲपही मुकं. म्हणून आधी ही परवानगी, मग लिसनर, आणि जीमेल गप्प करणं सगळ्यात शेवटी. क्रम बदलू नका.

दुसरं, ॲप काढून टाकल्यावर जीमेल तसंच गप्प राहतं. काढताना तुमचा कोड चालत नाही, त्यामुळे 'जीमेल पूर्ववत करा' असं बटण सेटिंगमध्ये आधीपासून हवं. स्टोअरच्या माहितीतही एक ओळ टाका.

तिसरं, एका मेलला दोनदा वाजणं. जीमेल सुट्या नोटिफिकेशनबरोबर गटाचं सारांश-नोटिफिकेशनही पोस्ट करतं. ग्रुप समरीचा फ्लॅग पाहून ते सोडून द्या. शिवाय जुनंच नोटिफिकेशन त्याच कीने (ओळखखुणेने) पुन्हा पोस्ट होऊ शकतं, तेव्हा की आणि मजकूर दोन्ही जुळवून बघा.

आणि चॅनेलबद्दल: तुमची 'तातडीचे', 'गठ्ठा' वगैरे चॅनेल्स एकदा तयार झाली की त्यांचं महत्त्व कोडमधून वाढवता येत नाही, ते वापरणाऱ्याच्या हातात जातं. चॅनेल पुसून त्याच आयडीने परत केलं तरी जुनीच सेटिंग परत येते. आवाज आणि महत्त्व रिलीजआधीच नक्की करा.

---

रात्रपाळी

दुसरा प्रश्न सोपा आहे. अँड्रॉइड १३ पासून स्टोअरबाहेरून टाकलेल्या ॲपला नोटिफिकेशन ॲक्सेस सहज मिळत नाही. करडं बटण एकदा दाबून बघायचं, नकाराचा चौकोन येतो. मग फोनच्या सेटिंगमध्ये तुमच्या ॲपच्या माहितीचं पान, वर उजवीकडचे तीन ठिपके, 'अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज'. आधी एकदा नकार आल्याशिवाय तो पर्याय सहसा दिसत नाही, म्हणून 'आमच्याकडे नाहीये' अशी तक्रार येते. प्ले स्टोअरवरून टाकल्यावर हा अडथळा येत नाही, तेव्हा त्यासाठी ॲपमध्ये स्क्रीन बनवण्यात वेळ घालवू नका.

तिसऱ्याचं मूळ त्या कंपन्यांच्या बॅटरी व्यवस्थेत आहे. प्रोसेस मारली जाते आणि लिसनर पुन्हा जोडला जात नाही. ऑटोस्टार्ट चालू आणि बॅटरीचं बंधन काढलेलं, हे दोन्ही वापरणाऱ्यालाच हाताने करावं लागतं. तुमच्या बाजूने तीन गोष्टी करा. ॲप उघडलं की लिसनर जोडलेला आहे का तपासा आणि नसेल तर रीबाइंडची (पुन्हा जोडण्याची) विनंती करा. तीच तपासणी वर्कमॅनेजर या अँड्रॉइडच्या पार्श्वभूमीत कामं चालवणाऱ्या सोयीतून अधूनमधून होऊ द्या (१५ मिनिटांपेक्षा कमी अंतर तो घेत नाही). आणि लिसनर जोडला गेल्याक्षणी त्या वेळी हजर असलेली सगळी नोटिफिकेशन्स वाचा, नाहीतर मधल्या काळातले मेल कुठल्याच गठ्ठ्यात येणार नाहीत.

१ आणि ६ च्या गठ्ठ्यासाठी एक्झॅक्ट अलार्म (नेमक्या वेळी ॲपला उठवणारा) मागितला असेल तर काढून टाका. अँड्रॉइड १४ पासून ती परवानगी नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲप्सना आपोआप मिळत नाही, आणि गठ्ठा १ ऐवजी १ वाजून ८ मिनिटांनी आला तर कुणाचं काही अडत नाही.

गठ्ठा स्नूझने (नोटिफिकेशन काही वेळ लपवून) बांधला असेल तर एक भोवरा टाळा. मुदत संपली की स्नूझ केलेलं नोटिफिकेशन पुन्हा पोस्ट होतं, लिसनर ते नवीन समजून परत स्नूझ करतो, आणि मेल वर कधी येतच नाही. ज्या की स्नूझ केल्या त्यांची नोंद ठेवा.

---

पाटी पेन्सिल

स्टोअरचं सांगते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला थेट प्रॉडक्शन (सगळ्यांसाठी रिलीज) मिळत नाही. क्लोज्ड टेस्टमध्ये (निवडक लोकांच्या चाचणीत) किमान १२ जण सलग १४ दिवस राहिले पाहिजेत. आधी हा आकडा २० होता. नेमके १२ घेऊ नका, एक जण बाहेर पडला की पंचाईत. १८-२० घ्या, आणि त्यात शाओमी, विवो, ओप्पो वापरणारे मुद्दाम घ्या.

डेटा सेफ्टीचा फॉर्म (ॲप कोणती माहिती घेतं ते स्टोअरला सांगणारा): जे फोनवरच वाचलं जातं आणि बाहेर जात नाही ते 'गोळा केलं' यात धरत नाहीत. पण क्रॅश रिपोर्टमध्ये मेलचा विषय किंवा पाठवणाऱ्याचं नाव लॉग होत असेल तर ते बाहेर गेलंच. रिलीज बिल्डमधले लॉग एकदा डोळ्यांनी वाचा. गठ्ठ्याचा डेटाबेस ऑटो बॅकअपमधूनही वगळा, नाहीतर तो गुपचूप क्लाउडवर जाईल. लिसनरच्या सेटिंगला पाठवण्याआधी काय वाचणार आणि का, हे सांगणारी स्वतंत्र स्क्रीन ठेवा. ती प्रायव्हसी पॉलिसीत दडवून चालत नाही.

आयफोन आत्ता नको, असं माझं स्पष्ट मत. तिथे एका ॲपला दुसऱ्याची नोटिफिकेशन्स दिसतच नाहीत. म्हणजे जीमेल एपीआय, पबसब (गूगलची निरोप पोचवणारी सेवा) आणि स्वतःचा सर्व्हर. पुशमधून फक्त ईमेल पत्ता आणि हिस्टरी आयडी (मेलबॉक्समधल्या बदलांचा क्रमांक) येतो, मेल तुम्ही जाऊन आणायचा. वॉच (पुश मिळण्यासाठीची नोंदणी) ७ दिवसांत संपतो, म्हणून रोज एकदा नवा करायचा. हिस्टरी आयडी फार जुना झाला की ४०४ ('सापडलं नाही' ही एरर) येतो आणि पूर्ण सिंक करावं लागतं.

खरं ओझं वेगळंच आहे. नुसते हेडर (पाठवणारा, विषय वगैरे) वाचण्याचा स्कोपही (परवानगीही) 'रिस्ट्रिक्टेड' गटात येतो. डेटा सर्व्हरवरून जाणार असेल तर गूगलच्या पडताळणीबरोबर दरवर्षी सुरक्षा तपासणी आली. तोवर टेस्टिंग मोडमध्ये १०० माणसं, आणि रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता प्रवेश देणारी किल्ली) ७ दिवसांत बाद. त्यामुळे सातव्या दिवशी सगळे लॉगआउट झाले की कोडमध्ये बग शोधू नका.

---

मूकघंटा

आभारी आहे. आयफोन बाजूला ठेवला. एक राहिलं: 'विषयात ओटीपी असेल तर लगेच वाजव' असा नियम पहिल्यापासून चालू ठेवलाय. अँड्रॉइड १५ वर तो कधी लागतो, कधी नाही.

---

सह्यकोड

तो नियम काढा. अँड्रॉइड १५ ला नोटिफिकेशनमध्ये ओटीपी असल्याचं जाणवलं की तुमच्यासारख्या साध्या लिसनरला मूळ मजकूर मिळत नाही, संवेदनशील मजकूर लपवला आहे अशा अर्थाचं वाक्य मिळतं. शब्द शोधून काही सापडणार नाही. नियम असा लिहा: मजकूर लपवलेला दिसला तर गठ्ठ्यात टाकायचं नाही, सरळ वाजवायचं. ते वाक्य फोनच्या भाषेप्रमाणे बदलतं, म्हणून मराठी आणि हिंदीत ठेवलेल्या फोनवरही तपासा.

जाता जाता, 'ठरावीक लोक' तुम्ही नोटिफिकेशनच्या शीर्षकावरून ओळखत असणार. तिथे सहसा दिसणारं नाव असतं, ईमेल पत्ता नसतो. ते नाव पाठवणारा हवं ते ठेवू शकतो. नियमाच्या स्क्रीनवर 'या व्यक्तीकडून' असं न लिहिता 'या नावाने आलेले' असं लिहा.

---

रात्रपाळी

आणि नाव जुळवताना आधी दोन्हीकडच्या कडेच्या मोकळ्या जागा काढा, मग देवनागरी मजकूर युनिकोडच्या एकाच रूपात आणा. 'ड़'सारखी नुक्त्याची अक्षरं दोन प्रकारे साठवलेली असतात. स्क्रीनवर सारखीच दिसतात, तुलनेत मात्र जुळत नाहीत.