आपल्याच लोकांत उपरं वाटतं तेव्हा

‘समलिंगी आणि बायसेक्शुअल (एकाहून जास्त लिंगांच्या व्यक्तींकडे ओढ असणाऱ्या) लोकांच्या दोन मेळाव्यांना गेलो, कोणी विचारलं नाही, म्हणजे मी यांच्यातला नाहीच का?’ या प्रश्नाचं उत्तर आधी सरळ देते: तुम्ही आहातच. त्यासाठी जोडीदार, अनुभव किंवा घरच्यांना सांगून झालेलं असणं, यातलं काही लागत नाही. बायसेक्शुअल मंडळींकडे असा पुरावा फार मागतात, आणि चूक मागणाऱ्यांची असते.

उपरं वाटण्यामागे आणखीही एक कारण असू शकतं. मानसशास्त्रज्ञ जॉन पाचांकिस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये समलिंगी व बायसेक्शुअल पुरुषांबद्दल ते मांडलं: दिसणं, पैसा, मर्दानीपणा यांवरून आपल्याच वर्तुळात होणारी तुलना वेगळा ताण देते.

मोठ्या पार्टीत घोळके आधीच जमलेले असतात. नवखा माणूस भिंतीला टेकून फोन बघत राहतो आणि बाकीच्यांना वाटतं, याला बोलायचं नाहीये. त्यापेक्षा वाचन, नाटक, भटकंती असं काही करणारा आठ-दहा जणांचा गट बघा. आयोजकाला आदल्या दिवशी मेसेज टाका: ‘पहिल्यांदाच येतोय, एकदोघांशी ओळख करून द्याल का?’ दहा मिनिटं आधी पोहोचा, खुर्च्या लावायला हात लावा. आणि गट लगेच बदलू नका. संवादाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात साध्या मैत्रीलाही सुमारे ५० तास सहवास लागतो असं दिसलं. दोन भेटींत ती कशी जमणार? टोमणे किंवा जबरदस्ती दिसली तर मात्र त्या गटात थांबू नका.

उदासी दोन आठवडे हटली नाही तर समुपदेशक गाठा. ‘तुमचा लैंगिक कल बदलून दाखवतो’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा पाऊल टाकू नका. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी, त्याच तासाला विश्वासातल्या माणसाला बोलावून घ्या.