मदत हवी आहे: मुलाच्या दम्यासाठी व्हिडिओ कॉलवर घर दाखवायचंय, आधी आवरू की नको?

नमस्कार. नागपूरला मानेवाड्याकडे राहते. मुलगा 7 वर्षांचा, दीड वर्षापासून दमा. रोजचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून देते, चुकवत नाही. तरी पाऊस लागल्यापासून रात्री दोन-अडीचला उठून खोकतो, छाती सूं सूं वाजते. मागच्या आठवड्यात निळा पंप (धाप लागली की लगेच आराम देणारा) तीनदा द्यावा लागला. डॉक्टर म्हणाले, औषध वाढवण्याआधी घर बघू. त्यांच्याकडच्या सिस्टर शनिवारी सकाळी 11 ला व्हिडिओ कॉल करणार, मी मोबाइल घेऊन खोल्या दाखवत फिरायचं.

यावरून घरात महाभारत. सासूबाईंनी कालपासून पडदे धुवायला काढलेत, पलंगाखालच्या ट्रंका उपसल्यात. "लोकं घर बघणार, मग नीट नको का दिसायला?" त्या धुळीनं पोरगा रात्रभर खोकलला, ते वेगळंच.

माझा संशय कूलरवर आहे. खिडकीत, त्याच्या उशाशीच. मे महिन्यात 45 च्या उन्हात त्याच्याशिवाय निभत नाही हे नागपूरकरांना सांगायला नको, पण आता पावसातही उकडतं म्हणून रात्री लावतो. खस काळी पडली आहे, टाकीच्या तळाशी शेवाळ. खोलीत शिरलं की कुबट वास येतो. आता वास मोबाइलवर कसा दाखवू?

आणि दुसरं म्हणजे धूप. सासूबाई रोज दिवेलागणीला गोवरीच्या निखाऱ्यावर धूप टाकून घरभर फिरवतात. सकाळी 11 ला कॅमेऱ्यात देवघर दिसेल, धूर कुठून दिसणार? त्या शेजारी उभ्या असताना मी कसं सांगू?

कुणी असा कॉल केला आहे का? काय काय बघतात?

वर्धारोडवाली:
ताई, आवरणं आजच थांबवा. आमचा कॉल दोन वर्षांपूर्वी झाला, मीही घर चकाचक केलं आणि सिस्टरना काहीच सापडलं नाही! मग दुसऱ्यांदा कॉल करावा लागला. रोज जसं असतं तसंच राहू द्या. त्यांनी आमच्याकडे सिंकखालचं कपाट उघडायला लावलं (झुरळं), भिंतीला लागलेलं कपाट पुढे ओढायला लावलं (मागे बुरशी), गादी-उशी जवळून बघितली. शेवटी मुलीला कॅमेऱ्यासमोर पंप घ्यायला सांगितलं. तिथंच कळलं की ती स्पेसर तोंडात नीट धरतच नव्हती. आमचं अर्धं दुखणं तेच होतं.

बर्डीवाला:
कूलर आधी बंद करा बापा. पावसाळ्यात हवेत आधीच ओल, त्यात कूलर आणखी पाणी सोडून राहिला. गादीतले माइट (धुळीतले सूक्ष्म किडे) ओलीवरच वाढतात, बुरशीही. ते माइट डोळ्यालाच दिसत नाहीत तर कॅमेऱ्याला काय दिसणार? आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते पलंगाजवळ ठेवा आणि आकडा दाखवा. 50 टक्क्यांच्या आत हवी, आपल्याकडे जुलैत ते कठीणच. चादरी आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात धुवा. मच्छर कॉईल लावत असाल तर तेही सांगा. एका कॉईलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरल्याचं मोजलेलं आहे.

वर्धारोडवाली:
आणि ताई, मुलाला बोलताना धाप लागली किंवा श्वासागणिक बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली, तर शनिवारची वाट बघू नका, निळा पंप देऊन थेट दवाखाना गाठा. धुपाचं सिस्टरना आधीच मेसेजवर कळवून ठेवा, म्हणजे त्या आपणहून विचारतील. सुनेनं सांगितलेलं आणि सिस्टरनं सांगितलेलं यात फरक असतो 🙂

धागाकर्ती:
मेसेज केला. सिस्टरनी कॉलच संध्याकाळी 7 वर घेतला, धुपाच्या वेळेला. कूलर काल रात्रीच बंद केला, पंख्यावर झोपलो, उकडून जीव गेला. सासूबाईंना सांगितलं की आवरायचं नाही. त्या म्हणाल्या, "मग धुतलेले पडदे परत मळवू का आता?"