दहा मिनिटं ब्राउझर चालवला म्हणजे कॅप्चर तपासून झालं?

कडेकपार:
काल इथे एकाने लिहिलं, "वेब ट्रॅफिक पकडणारं सॉफ्टवेअर तपासायला चाचणीच्या सत्रांचं नियोजन कशाला? टूल चालू करा, दहा मिनिटं चार साइटवर फिरा, ओळी उमटल्या की झालं. बाकी सगळा एक्सेलचा सोस." त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली, म्हणून हे लांबलचक.

ओळी उमटणं हा पुरावा नाही. या प्रकारच्या सॉफ्टवेअरने जे गाळलं ते पडद्यावर नसतंच, आणि पडदा तर भरलेला दिसतो. त्यामुळे सत्राआधी लिहून ठेवावं लागतं: कोणती पानं, कोणत्या क्रमाने, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) किती विनंत्या यायला हव्यात. सर्व्हर आपल्या ताब्यातला, ब्राउझरचं प्रोफाइल कोरं, प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक. मग लॉग आणि कॅप्चर (टूलने पकडलेली नोंद) शेजारी ठेवून जुळवायचं.

भटकंतीत एचटीटीपी/३ (वेबच्या संवादाची नवी आवृत्ती, क्विक नावाच्या पद्धतीवर चालणारी) हाताला लागेलच असं नाही. पहिली भेट बहुधा टीसीपी या जुन्या वाटेने जाते. सर्व्हर हेडरमधून (उत्तराच्या मजकुराआधीच्या माहितीतून) कळवतो की यूडीपी या दुसऱ्या वाटेच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरही मी आहे, आणि क्विक त्यानंतर सुरू होतं. एकदा पान उघडून पुढे गेलात तर ते बहुधा दिसणार नाही. कॅशचंही (ब्राउझरने जपून ठेवलेल्या प्रतीचंही) तसंच. दुसऱ्यांदा विनंती जात नाही, किंवा ३०४ ("बदल नाही") येतो आणि मजकूर येत नाही. अपेक्षा लिहिलेली नसेल तर टूलने गाळलं की ब्राउझरने मागितलंच नाही, हे कशावरून ठरवणार?

पोर्ट८०८०:
ते वाक्य माझं आहे आणि मी मागे घेत नाही. माझ्या जुन्या ठिकाणी आठवडाभर नियोजनाच्या बैठका चालायच्या आणि प्रत्यक्ष तपासणी शुक्रवारी संध्याकाळी उरकायची. कागद देखणे, टूल भिकार. चॅटच्या पानावर वेबसॉकेटचे (उघड्या राहणाऱ्या जोडणीवरचे) संदेश पकडले जात नव्हते, ते एका नवख्या मुलीने सहज फिरताना पाहिलं. कुणाच्याही यादीत ते नव्हतं. यादी करणाऱ्याला जे सुचतं तेवढंच यादीत येतं. आणि क्विकचा एवढा बाऊ कशाला? कितीतरी ऑफिसांत फायरवॉलवर यूडीपी ४४३ बंदच असतं.

रात्रपाळी_हिंजवडी:
बंद असतं ते तुमच्या ऑफिसात! आम्ही तसंच तपासून माल दिला. ग्राहकाची माणसं घरून काम करणारी, तिथे ते उघडं, आणि निम्मं ट्रॅफिक टूलला न दिसता निघून गेलं. त्या रात्री जागलो आम्ही, बैठका घेणारे झोपले होते. टेस्टरला शेवटी बोलवायचं आणि पहिला जाब त्यालाच विचारायचा, ही रीत कधी बदलणार?

आणखी एक. टीसीपीडम्प हे पॅकेट पकडणारं टूल थांबवल्यावर शेवटी किती पॅकेट कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) टाकून दिली तो आकडा येतो. तो कुणी वाचत नाही. भार वाढला की तोच आकडा सगळं सांगतो. दहा मिनिटांच्या फेरफटक्यात भार येतो कुठून?

वऱ्हाडकर:
सगळे प्रोटोकॉलवर भांडताय, पण चाचणीतले वेबपत्ते (यूआरएल) कायम इंग्रजीच. एक तरी मराठी पत्ता ठेवा की राव. "पुणे" एवढा शब्द यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) १२ बाइट आणि पत्त्यात टक्केचिन्हांसकट ३६ अक्षरं होतो. खरी गंमत "शेतकऱ्यांसाठी" मध्ये आहे. त्यातला ऱ एका संकेतांकाने येतो, र आणि नुक्ता (खालचा टिंब) जोडून येतो, किंवा जुन्या पद्धतीने र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून येतो. डोळ्याला तिन्ही सारखे, बाइट तीन तऱ्हेचे. आमच्या टूलने पत्ता वाचनीय करून दाखवला आणि निर्यात करताना स्वतःच्या मताने पुन्हा लिहिला. रीप्ले केलं, म्हणजे तीच विनंती पुन्हा पाठवली, तर ४०४, पान सापडत नाही. पकडलेलं जसंच्या तसं राहिलं नाही तर ते कॅप्चर कसलं?

पोर्ट८०८०:
झालं, इथेही मराठी अस्मिता. किती साइटचे पत्ते देवनागरीत असतात?

वऱ्हाडकर:
अस्मिता नाही, बाइट मोजतोय. मराठी विकिपीडिया उघडा, जवळजवळ प्रत्येक लेखाचा पत्ता देवनागरीत आहे. सर्चच्या चौकटीत मराठीत टाइप केलेला शब्द बहुतेक ठिकाणी पत्त्यातून जातो. तुमच्या आईने फोनवर औषधाचं नाव मराठीत शोधलं तरी हेच घडतं.

पोर्ट८०८०:
आईला मध्ये आणू नका.

कडेकपार:
दोघेही थांबा. वऱ्हाडकरांचं म्हणणं माझ्याच मुद्द्याला बळ देतं. उगाच फिरताना कुणी एकच शब्द तीन तऱ्हांनी टाइप करून बघत नाही. ते आधी ठरवूनच करावं लागतं.

सातारी_मिरची:
माझं दुखणं वेगळं. भटकंतीवाले स्वतःच्या खऱ्या खात्यांनी लॉगिन करून कॅप्चर करतात आणि फाइल ग्रुपवर टाकतात. हार (एचएआर) फाइलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या ट्रॅफिकच्या नोंदीत, कुकी, टोकन (लॉगिनच्या खुणा) सगळं असू शकतं. २०२३ मध्ये ओक्टा या लॉगिन-सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेतून ग्राहकांच्या अशाच फाइली चोरीला गेल्या आणि त्यातल्या टोकनांनी लॉगिन सत्रं बळकावली गेली. चाचणीची खाती वेगळी, फाइल कधी पुसायची ते ठरलेलं. हेसुद्धा नियोजनच.

आणि मोबाइल विसरू नका. अँड्रॉइड ७ पासून कूटबद्ध ट्रॅफिक वाचायला वापरकर्त्याने टाकलेलं प्रमाणपत्र ॲप आपणहून मानत नाहीत. ब्राउझरमध्ये सगळं दिसतं, ॲपमधलं काहीच नाही, आणि अहवालात "पास".

पोर्ट८०८०:
खात्यांचं मान्य, त्यावर वाद नाही. मोजणीचंही घ्या, लॉगशी जुळवल्याशिवाय गळती कळत नाही, ठीक. पण सत्रातला काही वेळ यादीबाहेर फिरायला राखून ठेवलात तरच. त्या मुलीला यादी देऊन बसवलं असतं तर वेबसॉकेटचा बग आजही तिथेच असता.

कडेकपार:
राखतो. फक्त त्या फिरण्याचाही सर्व्हर लॉग चालू ठेवायचा, आणि जे सापडेल ते पुढच्या सत्राच्या यादीत टाकायचं.

रात्रपाळी_हिंजवडी:
आणि शुक्रवारी संध्याकाळी नाही. हे आधी लिहा.