एच-वन-बीवर असताना हाताने ठासणीची रायफल घडवता येईल का?

रंधा_एडिसन
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनला राहतो, एच-वन-बीवर. चार वर्षं गॅरेजमध्ये सुतारकाम करतोय, पाट-चौरंगापासून सुरुवात केली आणि आता कपाटापर्यंत आलोय. ऑफिसातला एक जण पेनसिल्व्हेनियात राहतो. त्याने स्वतः घडवलेली लाँगरायफल, म्हणजे लांब नळीची जुन्या पद्धतीची ठासणीची बंदूक, दाखवली. मेपलच्या दस्त्यावर वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेघा, हात लावल्यावर सोडवेना. तो म्हणतो, किट मागव, माझ्या गॅरेजमध्ये बसून करू. सुट्या भागांतून एआर-१५ ही आधुनिक, काडतुसाची रायफल जोडायलाही शिकवीन म्हणतो. व्हिसावर यातलं काय चालतं? आणि पुढे ती लाँगरायफल साताऱ्याला बाबांकडे भिंतीवर लावायला नेता येईल का?

लँकेस्टरचा_काका
वयाने मोठा आहे, म्हणून अरेतुरे करतोय.

आधी एआरचा विषय संपवू. स्वतःपुरती रायफल जोडायला केंद्रीय कायद्यात परवाना लागत नाही, हे तुझा मित्र खरंच सांगतोय. पण तो नागरिक आहे, तू नाहीस. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच गुन्हा आहे, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. आणि बाळगणं म्हणजे फक्त मालकी नव्हे, रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरणंही त्यात येतं. वैध शिकार परवाना असेल तर सूट आहे आणि काही जण तेवढ्यासाठी तो काढतात. तरी सांगतो, बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला या देशातून बाहेर काढता येतं, ग्रीन कार्ड असलं तरी. घरदार, मुलांची शाळा, सगळं त्यावर टांगू नकोस.

लाँगरायफलचं वेगळं आहे. नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची, काडतूस नाही, अशी काळ्या दारूची बंदूक केंद्रीय कायदा ‘अँटिक’ धरतो, ती काल घडवलेली असली तरी. म्हणून वरची बंदी तिला लागत नाही. पण न्यू जर्सी तिला बंदूकच मानते! तिथे रायफल घ्यायची तर पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं. शिवाय नंबर नसलेली बंदूक बनवण्यासाठी सुटे भाग घेण्याविरुद्ध २०१८ सालचा कायदा आहे. तेव्हा किट एडिसनच्या पत्त्यावर मागवू नकोस आणि तयार झालेली रायफल डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत नेऊ नकोस. पैसे भरण्याआधी एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला आणि एकदा न्यू जर्सीतल्या बंदूक कायद्याच्या वकिलाला विचार. मी विचारलं होतं, म्हणूनच इतकी वर्षं निर्धास्त काम करतोय.

आता कामाचं. ही रायफल इथली, पेनसिल्व्हेनियातलीच. अठराव्या शतकात जर्मन कारागिरांनी लँकेस्टरच्या आसपास घडवली, जेकब डिकर्टचं नाव त्यातलंच. लोक केंटकी रायफल म्हणतात, पण तिचं माहेर हे. आजही पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर चकमकीच्या बंदुकीने हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो.

खरा वेळ जातो तो नळी लाकडात बसवण्यात. अष्टकोनी नळी, साडेतीन फुटांच्या आसपास. तिला काजळी धरायची, खोबणीत दाबायची, उचलायची. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे पटाशीने कागदाइतकी साल काढायची. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. मी तीन आठवडे रोज संध्याकाळी हेच केलं. शेवटी नळी बसली तेव्हा कडेला नखही जाईना. तुझ्या हातात रंधा आहे, तुला हे आवडेल. मात्र रेघांच्या मेपलवर रंधा उलटा लागला की टवके उडतात, तिथे स्क्रेपरच चालव.

माझा पहिला दस्ता वाया गेला. ठासायच्या गजासाठी भोक पाडताना लांब बिट लाकडाच्या रेषेमागे गेलं आणि नळीच्या खोबणीत वर आलं. चार महिन्यांचं काम एका मिनिटात संपलं. म्हणून पहिल्या वेळी गजाचं भोक आणि नळीची खोबण तयार असलेलंच किट घे.

नळी आणि तिचं मागचं तोंड बंद करणारा ब्रीच प्लग जाणत्या नळी बनवणाऱ्याकडून बसवून आलेलाच हवा. तिथे हौस नको. काळी दारू सोडून आधुनिक, बिनधुराची दारू कधीही भरायची नाही, नळी फुटते. पहिले बार हातात धरून नाहीत. रायफल जुन्या टायरला घट्ट बांधायची आणि लांबून दोरीने चाप ओढायचा. आणि गजावर दोन खुणा कर, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. बघून ठासणीची बंदूक भरलेली आहे का ते कळत नाही, गज आत घातला की कळतं.

कुडाळकर
साताऱ्याचं विसरा दादा. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, १९५९च्या शस्त्र कायद्याने आयातीलाही लागतो. ‘शोभेसाठी आहे’ म्हणून कस्टमवाला सोडणार नाही. विनापरवाना बनवली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत.

आमच्याकडे आजोबांची ठासणीची होती, शेतीसंरक्षण परवान्यावर, माकडं आणि डुकरांसाठी. प्रत्येक निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती जपून ठेवायची. आजोबा गेल्यावर ती आमच्या नावावर आपोआप आली नाही, जमाच करावी लागली. बाबा रडले होते तेव्हा. लोखंड नव्हतं ते, आजोबांचा हात होता त्यावर.

मेधा_डॅलस
एक लहानशी गोष्ट, पण सांगतेच. रेंजवर नेलेली सॅक विमानाला नेऊ नका. आमच्या ओळखीतल्या एकाच्या सॅकच्या खणात एक जिवंत काडतूस राहून गेलं होतं, त्याला आठवणही नव्हती. परतीच्या वेळी मुंबईच्या विमानतळावर सापडलं आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. ‘जाणूनबुजून बाळगलं नव्हतं’ हे कोर्टात पटतं, पण तोवर पासपोर्ट, नोकरी, तारखा! रेंजची सॅक गॅरेजातून हलवायचीच नाही.

रंधा_एडिसन
काका, मनापासून आभार. एआर बंद. शनिवारी दोन्ही वकिलांना फोन करतो. त्यांनी हो म्हटलं तरच किट, आणि तेही मित्राच्या पत्त्यावर, त्याच्या नावावर. मी फक्त दस्ता करीन, रायफल त्याच्याकडेच राहील. बाबांना फोटो पाठवीन. कुडाळकर, तुमचं वाचून फोन खाली ठेवला आणि जरा वेळ तसाच बसलो.

काका, काजळी कशाची धरता?

लँकेस्टरचा_काका
रॉकेलच्या दिव्याची. नळी ज्योतीवरून सावकाश फिरव, बोटाला लागेल इतकीच धरू दे. जाड झाली की खोटं ठिकाण दाखवते आणि आपण चांगलं लाकूड कापून बसतो.