मदत हवी आहे: लग्नपत्रिकेवर गोल्ड फॉइलमध्ये बोल्ड इटॅलिक सेरिफ, बारीक रेघा टिकतील का?

नमस्कार मंडळी,
चुलतबहिणीची पत्रिका करतोय, मुलगा बंगळुरूचा म्हणून एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजी नावांना प्लेफेअर डिस्प्ले ह्या सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या पट्ट्या असलेल्या) फॉन्टचा बोल्ड इटॅलिक (जाड आणि तिरका) लावलाय आणि घरात सगळ्यांना जाम आवडलाय, म्हणजे अक्षराला वजन आहे पण कलतं असल्यामुळे ताठ सरकारी नोटीस वाटत नाही. लोचा असा की कार्ड मरून हँडमेड कागदाचं आणि छपाई गोल्ड फॉइलची (ठशाने सोनेरी वर्ख दाबून), प्रेसवाले काका म्हणतात जाड भाग झकास उठेल, बारीक रेघा तुटतील. दुसरा कुठला फॉन्ट घेऊ की ह्याचंच काही करता येईल?
आणि मराठी बाजूचं काय? कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) देवनागरी तिरकी केली तर शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे पडायला आलेल्या कुंपणासारखे दिसतात.

प्रतिसाद १:
काका बरोबर बोलतायत. प्लेफेअरची प्रेरणा १८व्या शतकातला बास्करव्हिल फॉन्ट, जाड-बारीक फरक हीच त्याची शान, आणि नावातच डिस्प्ले आहे, म्हणजे मोठ्या साइझसाठी. फक्त दोन नावं त्यात ठेव, तारीख-पत्ता अजिबात नको. आख्खा मजकूर बोल्ड इटॅलिकमध्ये असला की डोळा कुठे थांबायचं तेच विसरतो. फारच तुटत असेल तर लोरा फॉन्टचा बोल्ड इटॅलिक बघ, नखरा कमी पण बारीक रेघ बऱ्यापैकी भरलेली आहे.

प्रतिसाद २:
एक चेक कर, फाइलमध्ये खरा बोल्ड इटॅलिक आहे की सॉफ्टवेअरने साधा बोल्ड ढकलून तिरका केलाय. स्मॉल ए एकमजली (वर छत्री नसलेला, नुसता गोल आणि दांडी, हाताने लिहितो तसा) दिसला तर बहुतेक खरा, सरळ अक्षरासारखा दुमजली ए नुसता कललेला असेल तर नकली. (अवांतर: इटॅलिकमधलं पहिलं पुस्तक व्हेनिसमध्ये १५०१ ला छापून आलं, सेरिफला बोल्डची जोड थेट १९व्या शतकातली, त्यामुळे गॅरामंडसारख्या जुन्या फॉन्ट-घराण्यांचे बोल्ड इटॅलिक हे मागाहून केलेलं कलम.)
देवनागरी तिरकी करूच नकोस, सरळच ठेव. रोझा वन हा देवनागरी फॉन्ट जाड-बारीकला प्लेफेअरशी मस्त जुळतो पण फॉइलमध्ये तीच बोंब, म्हणून मोठ्या साइझला फक्त नावं, बाकी मजकूर मुक्ता फॉन्टमध्ये.

धागाकर्ता:
भारी! खरा इटॅलिकच आहे, बघितलं. नावांना कर्व्हज करून (म्हणजे अक्षरांचे आकार बनवून) त्याच रंगाची पाव पॉइंट आउटलाइन दिली तर चालेल ना? आणि ती बिहाइंड फिल (आउटलाइन रंगाच्या मागे) ठेवू का?

प्रतिसाद १:
चालेल. रंग एकच असल्यामुळे बिहाइंड फिलने काही फरक पडत नाही. फक्त ई आणि ए च्या आतली पोकळी बुजत नाहीये ना ते झूम करून बघ, आणि ब्लॉक (छपाईचा ठसा) बनवायच्या आधी काकांना विचार त्यांच्याकडे ह्या कागदावर किती बारीक रेघ उठते, हँडमेडला खडबडीतपणामुळे गुळगुळीत कार्डापेक्षा जास्तच जाड लागेल.